वलीची सही, मुलीचा होकार

कसाऱ्याला गाडी थांबते, मागे जादा इंजिनं जोडली जातात आणि ती गाडीला घाटावर ढकलत आणतात. इगतपुरी आली की त्यांचं काम संपतं. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटातला हा लोहमार्ग सुरू झाला आणि इगतपुरी रेल्वेचं गाव झालं. रेल्वेच्या गावात चारी दिशांची माणसं येऊन राहतात. येताना भांडीकुंडी आणतात, बोली आणतात, आणि लग्नाचे आपापले नियमही आणतात.

समजा, इथल्या अशाच एका रेल्वेवाल्या घरात तेवीस वर्षांची मुलगी आहे. आजोबा रत्नागिरीकडून भरती होऊन आले आणि इथलेच झाले. मुलगी मिळेल त्या गाडीने नाशिकरोडला नोकरीला जाते. तिथे भेटलेल्या मालेगावच्या मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा मुसलमान, सुन्नी, कमावता. तरी अब्बा ‘नाही’ म्हणून बसलेत. चाचा म्हणतात, “आपण कोकणी, ते अन्सारी. जमायचं कसं?” मामू सांगतात, “वलीशिवाय निकाह होतच नाही.” शेजारचे हाजीसाहेब दारातूनच म्हणतात, “होतो की! मुलगी बालिग आहे.”

ही माणसं काल्पनिक आहेत, पण हे संवाद ज्या घरात झाले नाहीत असं घर शोधावं लागेल. गंमत म्हणजे मामूही खोटं बोलत नाहीत आणि हाजीसाहेबही नाहीत. एक जण घाटाखालचा मसला, म्हणजे धर्माचा नियम, सांगतोय, दुसरा घाटावरचा.

वली वेगळा, वकील वेगळा

आधी दोन शब्द सुटे करून घेऊ, कारण अर्धा गोंधळ इथेच होतो. वली म्हणजे नात्याने ठरलेला पालक. पहिला मान बापाचा, मग बापाच्या बापाचा, मग सख्ख्या भावाचा, त्यानंतर चुलत्यांचा. हा मान कोणी देत नाही, तो रक्ताने येतो. वकील म्हणजे मुलीने स्वतः नेमलेला प्रतिनिधी. निकाहच्या दिवशी दोन गवाह घेऊन आतल्या खोलीत जाणारा, मुलाचं नाव आणि मेहेरची रक्कम सांगून मुलीकडून इजाजत घेणारा माणूस हा वकील. तोही बहुधा मामू किंवा चाचाच असतो, म्हणून वली आणि वकील एकच असं वाटत राहतं. पण वकिलाचा अधिकार मुलीच्या शब्दातून येतो. तिने इजाजत दिली नाही तर वकील रिकाम्या हाताने बाहेर येतो.

इस्लामी कायद्यात निकाह हा करार आहे. एका बाजूचा प्रस्ताव, दुसऱ्या बाजूचा स्वीकार, सुन्नी रीतीत दोन साक्षीदार, आणि नवऱ्याने बायकोला द्यायचं मेहेर. करार म्हटला की पहिला प्रश्न येतो, करार करणारी माणसं कोण? मुलगी स्वतः, की तिच्या वतीने तिचा बाप? चौदाशे वर्षं फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याचे, पंडित याच प्रश्नावर वाद घालत आले.

घाटाखाली आणि घाटावर

सुन्नींमध्ये चार फिकही पंथ आहेत: हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली. भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी. पण कोकणचा किनारा शाफई आहे. अरबी समुद्रावरून व्यापारी आले, त्यांच्याबरोबर इमाम शाफईंचा पंथ आला. म्हणून रत्नागिरी, रायगडपासून कल्याण-भिवंडीपर्यंतचे कोकणी मुस्लिम शाफई, आणि केरळचे मापिळाही शाफईच. घाट चढून नाशिक, मालेगाव, खानदेशात गेलं की हनफी वस्ती दाट होते. ही रेघ काही पट्टीने आखलेली नाही. भिवंडीत हनफी विणकर मोठ्या संख्येने आहेत आणि नाशिकच्या जुन्या भागात कोकणी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तरी ढोबळ मानाने पाहिलं तर इगतपुरी या दोन पंथांच्या उंबरठ्यावर बसली आहे.

शाफई पंथात वलीशिवाय निकाह नाही. मुलीचं वय कितीही असो, तिच्या बाजूने प्रस्ताव वलीने मांडायचा. आधार त्या हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनाचा, जिचा आशय असा की वलीविना निकाह नाही. जुन्या शाफई ग्रंथांनी तर बापाला आणि आजोबांना आणखी मोठा अधिकार दिला होता. अविवाहित मुलगी वयात आली असली तरी तिला न विचारता ते तिचं लग्न लावू शकत. या अधिकाराला ‘इजबार’ म्हणतात. मुलीला विचारणं चांगलं, पण बंधनकारक नाही, अशी ती भूमिका. घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीला मात्र शाफईंनीही विचारायलाच हवं असं म्हटलं.

इमाम अबू हनीफांचं म्हणणं वेगळं. वयात आलेली, शहाणी स्त्री स्वतःची मालमत्ता विकू शकते, विकत घेऊ शकते, मग स्वतःच्या लग्नाचा करार का करू शकत नाही? वली असावा, त्याचा सल्ला घ्यावा, ते शोभून दिसतं. पण त्याच्या नसण्याने निकाह अडत नाही. कसाऱ्याच्या इंजिनाची उपमा हनफींच्या वलीला चपखल बसते: चढावर मदत करायची, गाडीची दिशा ठरवायची नाही.

दोन्ही पंथ हदीसचाच आधार घेतात हे लक्षात ठेवावं. बुखारींच्या हदीससंग्रहात खनसा बिन्त खिजाम यांची हकीकत आहे. त्यांच्या बापाने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न लावून दिलं, त्या पैगंबरांकडे गेल्या आणि पैगंबरांनी ते लग्न रद्द केलं. नसाई आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आणखी एका तरुण मुलीची गोष्ट येते. बापाने आपली पत वाढवायला तिचं लग्न पुतण्याशी लावलं. पैगंबरांनी निर्णय तिच्या हाती दिला. तेव्हा ती म्हणाली, लग्न मला मान्य आहे, मला फक्त बायकांना कळवायचं होतं की या बाबतीत बापांची सक्ती चालत नाही. या मुलीला लग्न मोडायचं नव्हतं, तिला हक्क नोंदवून घ्यायचा होता.

पारकर आणि रोघे

आता मामू आणि हाजीसाहेबांच्या वादाचा निकाल कोण लावणार? एक निकाल दीडशे वर्षांपूर्वीच लागला आहे, आणि तो आपल्याच मुंबईत.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झालं. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, त्याच्यासमोर ‘मुहंमद इब्राहिम पारकर विरुद्ध गुलाम अहमद रोघे’ हा खटला आला. दोन्ही आडनावं कोकणी मुस्लिमांची. मुलीचं घराणं शाफई. तिने बापाच्या संमतीवाचून लग्न केलं होतं आणि त्याआधी आपण हनफी पंथ स्वीकारल्याचं तिचं म्हणणं होतं. प्रश्न असा होता की घराण्याचा पंथ सोडून दुसरा पंथ धरायला मुलगी मोकळी आहे का?

न्यायालयाने होकार दिला. वयात आलेली, बापाने वा पालकाने लग्न किंवा वाङ्‌निश्चय करून न दिलेली शाफई मुलगी सुन्नींच्या चारांपैकी कोणताही पंथ निवडू शकते. हनफी पंथ तिने धरला तर पुढचं तिचं वागणं हनफी नियमांनी तपासायचं, आणि त्या नियमांनुसार बापाच्या संमतीशिवाय केलेलं लग्न वैध ठरतं. घाटातला लोहमार्ग सुरू व्हायचा होता तेव्हाच न्यायालयाने मुलीला शाफई मसल्यातून हनफी मसल्यात जायची वाट मोकळी करून दिली होती.

दुसरा निकाल १९३९ चा, ‘सय्यद मोहिउद्दीन विरुद्ध खतिजाबी’. इथे गोष्ट उलटी. बापाने वयात आलेल्या शाफई मुलीचं लग्न तिच्या संमतीशिवाय लावलं होतं. जुन्या ग्रंथांतला इजबार पुढे करता आला असता, पण मुंबई उच्च न्यायालयाने ते लग्न अवैध ठरवलं. मद्रास उच्च न्यायालयाने १९२८ मध्ये ‘हसन कुट्टी बेअरी विरुद्ध जैनबा’ या खटल्यात हीच दिशा घेतली होती.

मुंबईचे हे दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. बापाचा होकार नसला तरी लग्न उभं राहू शकतं. मुलीचा होकार नसेल तर बापाच्या होकाराने ते उभं राहत नाही.

चाचांचा आक्षेप

चाचांच्या वाक्याकडे वळू. आपण कोकणी, ते अन्सारी. या आक्षेपाला फिकहमध्ये नाव आहे: कुफू, म्हणजे बरोबरी. हनफी पंथाने मुलीला मोकळं सोडलं, पण वलीच्या हातात एक दोरी ठेवली. मुलीने बरोबरी नसलेल्या माणसाशी लग्न केलं, किंवा तिच्या घराण्यातल्या बायकांना मिळतं त्याहून खूप कमी मेहेर घेतलं, तर वली काझीकडे जाऊन हरकत घेऊ शकतो. हरकतीलाही मुदत आहे. मूल झाल्यावर ती चालत नाही. पुढच्या काही हनफी मुफ्तींनी जास्त कडक मत घेतलं, की बरोबरी नसेल तर वलीवाचून असं लग्न मुळातच होत नाही.

बरोबरी कशात मोजायची? वंश, दीनदारी म्हणजे धर्मनिष्ठा, गुलाम नसून स्वतंत्र असणं, ऐपत, आणि धंदा. धंद्याच्या यादीत जुन्या हनफी ग्रंथांनी विणकराला खालच्या पायरीवर बसवलं. मालेगावचं नाव ज्या हातमागांनी आणि यंत्रमागांनी झालं, ज्या मोमिन-अन्सारी कारागिरांनी ते गाव घडवलं, त्यांच्याबद्दल हे कित्येक शतकांपूर्वी इराकात आणि मध्य आशियात लिहिलं गेलं होतं. खुद्द अबू हनीफांच्या नावावरच्या एका मताप्रमाणे धंद्याची बरोबरी पाहायचीच नसते. इमाम मालिक यांनी तर वंशापेक्षा दीनदारीला वजन दिलं. आणि पैगंबरांनी आपली आत्येबहीण, आईकडून कुरेश घराण्यातली झैनब, आपल्या मुक्त केलेल्या गुलामाला, झैद यांना दिली होती, हे मदरशातल्या मुलालाही माहीत असतं.

तेव्हा चाचांचं वाक्य फिकहमधून आलं की बिरादरीतून, हे त्यांनी स्वतःलाच विचारावं. मुलगा दारू पितो, त्याचं आधीचं लग्न लपवलेलं आहे, मेहेर म्हणून अकराशे रुपये ठेवायला निघालेत, हे आक्षेप ग्रंथात बसतात आणि व्यवहारातही. ‘ते आपल्यातले नाहीत’ हा आक्षेप मुसलमानांत जितका जुना आहे तितकाच तो मराठा, ब्राह्मण आणि माळ्यांच्या घरांतही जुना आहे. त्याला अरबी नाव दिल्याने तो धर्म होत नाही.

वलीच अडून बसला तर

शाफई पंथ वलीवर अडून बसतो, पण वलीने विनाकारण अडून बसलेलं त्यालाही चालत नाही. मुलगी राजी आहे, मुलगा बरोबरीचा आहे, आणि तरी वली केवळ हट्टाने नाही म्हणतो, याला ‘अझ्ल’ म्हणतात आणि ते पाप समजलं जातं. अशा वेळी वलीपण त्याच्याकडून निघतं आणि काझी मुलीचा वली होतो. इंडोनेशिया आणि मलेशिया हे शाफई देश. तिथे आजही मुलगी धार्मिक न्यायालयात अर्ज करते, बापाला बोलावलं जातं, कारण विचारलं जातं, आणि कारण पटलं नाही तर ‘वली हाकिम’ म्हणजे सरकारी वली लग्न लावून देतो.

भारतात ही खिडकी अर्धी बंद आहे. इंग्रजांनी न्यायालयांना सल्ला देणाऱ्या काझींची पदं १८६४ च्या ११ व्या कायद्याने रद्द केली. पारकर-रोघे खटल्याचंच ते वर्ष. लोकांची अडचण झाली म्हणून १८८० साली काझी कायदा आला. त्यात सरकार काझी नेमू शकतं, पण त्याच कायद्याने हेही सांगितलं की या काझीला न्यायिक अधिकार नाहीत, आणि निकाहला तो हजर असलाच पाहिजे असंही नाही. दारुल कझा, म्हणजे समाजाने चालवलेली निवाडा-केंद्रं, आणि फतवे यांच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४ रोजी ‘विश्व लोचन मदन’ खटल्यात स्पष्ट केलं की ती न्यायालयं नाहीत आणि त्यांचं मत कोणावर बंधनकारक नाही. म्हणून आपल्याकडचा काझी समजूत घालू शकतो, वली म्हणून उभा राहू शकतो, पण बापाला समन्स काढू शकत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ काझी वलीच्या सहीशिवाय निकाह लावायला धजत नाहीत, मग पंथ हनफी का असेना. त्यांना फिकहपेक्षा उद्या दारात येणाऱ्या भावांची भीती जास्त असते.

बाकीच्या मुस्लिम जगातही ही चर्चा चालू आहे. ट्युनिशियाने १९५६ मध्येच सज्ञान स्त्रीसाठी वलीची अट काढली. मालिकी परंपरेच्या मोरोक्कोने २००४ मध्ये वली ठेवायचा की नाही हे स्त्रीवर सोपवलं. पाकिस्तानात सायमा वहीद नावाच्या मुलीने बापाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा लाहोर उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दोन विरुद्ध एक मताने ते लग्न वैध ठरवलं. 

वयाचा घोळ

बालिग म्हणजे किती वर्षांची? पारंपरिक मुस्लिम कायद्यात वयात येणं ही कसोटी आहे, आणि पुरावा नसेल तर पंधरा वर्षं धरतात. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने लग्न, मेहेर आणि तलाक या गोष्टी आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या, म्हणून हा पंधराचा आकडा टिकून राहिला. पण २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस ही अट सगळ्यांना आहे आणि लहान मुलीचं लग्न लावणाऱ्यांवर गुन्हा दाखल होतो. अठराखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सांगितलं. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी आणि तेवीस वर्षांची मुलगी यांचे प्रश्न कायद्याच्या दृष्टीने वेगळे. सतराच्या मुलीच्या बाबतीत आईबापांनी अडवलं तर २००६ चा कायदा आईबापांच्या बाजूला उभा आहे, आणि ते रास्तही आहे.

पण आईबापांनीच लहानपणी लग्न लावलं असेल तर? जुन्या हनफी नियमात बापाने किंवा आजोबाने लावलेलं लग्न मोडता येत नसे. दुसऱ्या पालकाने लावलेलं असेल तरच वयात आल्यावर नाकारता येई. या हक्काला ‘खियार-उल-बुलूग’ म्हणतात. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने बापाचा हा अपवाद काढून टाकला. पंधरा वर्षांच्या आत बापाने लावून दिलेलं लग्नही मुलगी अठरा पूर्ण होण्याआधी नाकारू शकते, शरीरसंबंध झालेला नसला तर. २००६ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत बालविवाह रद्द करून मागायची सोय दिली. १८६४, १९३९, २००६: दर टप्प्यावर बापाच्या हातातला एक एक अधिकार मुलीच्या हातात गेला.

इगतपुरीच्या घरात आता काय?

तेवीस वर्षांच्या मुलीपुढे दोन रस्ते आहेत. एक निकाहचा. ती हनफी मताने निकाह करू शकते, स्वतःचा वकील नेमू शकते, दोन साक्षीदार आणि मेहेर ठरवू शकते. मग १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करायची. नव्वद दिवसांत अर्ज, नवराबायकोच्या आणि निकाह लावणाऱ्याच्या सह्या, तीन साक्षीदार. सज्ञान मुलीच्या बापाच्या संमतीची अट तिथे नाही. निकाहनामा बहुधा उर्दूत असतो आणि पुष्कळ मुली तो न वाचता सही करतात. मेहेर किती, लगेच द्यायचं की नंतर, आणखी कोणत्या अटी घातल्या, हे सहीआधी वाचून घ्यावं.

दुसरा रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. तिथे तीस दिवसांची नोटीस लागते आणि हरकती मागवल्या जातात. घरच्यांना वाटतं, आता आपली वेळ आली. पण हरकत कशाची घेता येते हे कायद्यात मोजून दिलं आहे: आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता नसणं, वय कमी असणं, निषिद्ध नात्यात असणं. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत त्या यादीत नाही. या कायद्याने लग्न केलं की वारसाही भारतीय वारसा कायद्याने ठरतो, हेही आधी समजून घ्यावं.

घरच्यांनी कोंडून ठेवलं किंवा धमकावलं तर? सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी ‘शक्ती वाहिनी’ निकालात म्हटलं की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवल्यावर कुटुंबाची किंवा जमातीची संमती लागत नाही, आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे असावेत. त्याच महिन्यात हादियाच्या खटल्यात न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. लग्नासारखा निर्णय आईबापांच्या सहभागानेच व्हावा असं म्हणत त्या उच्च न्यायालयाने चोवीस वर्षांच्या मुलीचा निकाह मोडला होता.

कायदा एवढं देतो. जे देऊ शकत नाही ते आईबापांकडे आहे. नवऱ्याच्या घरी बिनसलं तर परत यायला दार, मेहेर बुडवलं तर विचारायला मागे उभा बाप, बाळंतपणाला आई. जुन्या पंडितांनी वलीची जागा ठेवली ती या आधारासाठी. अब्बांनी निकाहला नकार दिला तर निकाह थांबणार नाही, मुलगी फक्त एकटी पडेल.

म्हणून अब्बांना विनंती एवढीच आहे. मुलाची चौकशी करायला मालेगावला जा, त्याच्या आईबापांना भेटा, मेहेर नीट ठरवून घ्या, निकाहनामा शब्दन्‌शब्द वाचा. वलीचं हेच काम आहे, आणि ते करायला मुलीचा होकार तुम्हाला आधीच मिळालेला आहे.